कपिलीची पहिली धार

टेम्पोचं फळकं पडलं आणि चंद्री गाय मुकाट्याने वर चढली. वैष्णवीची पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी आधीच जाऊन बसली होती. गाय वैष्णवीच्या लग्नात आंदण आली होती. आता सुनेसकट ती माहेरी परत निघाली होती.

"पायगुणच वाईट पोरीचा," सासूने, मैनाबाईने, साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. "हे गाय आली अन् माह्या गायी बिमार पडल्या." गायी आजारी पडल्या, हे खोटं नव्हतं. गोठ्यातल्या दोन्ही तरण्या गायी यंदा पहिल्यांदाच व्याल्या आणि दोघींच्या कासेत गाठी झाल्या, दूध फाटल्यासारखं येऊ लागलं. गोपालला बायको जायला नको होती, पण आईपुढे त्या गड्याची जीभ टाळूला चिकटायची. त्याने एवढंच केलं, ढोरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टर समीक्षा दारव्ह्याहून आल्या त्या सरळ गोठ्यात शिरल्या. आजारी गायींचं दूध त्यांनी आधीच तपासायला नेलं होतं, त्यात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू निघाले होते. ते आले कुठून, हे त्यांना पाहायचं होतं. आधी त्यांनी म्हाताऱ्या कपिली गायीच्या चार सडांचं दूध चार वाट्यांच्या तबकडीत घेतलं.

"तिचं कायले पाह्यता?" मैनाबाई हसली. "तिले काही नाही झालं. माहा मालक गेला तवा इनंच घर तारलं."

डॉक्टरांनी जांभळं औषध टाकून तबकडी हलवली. तीन वाट्यांतलं दूध पातळच राहिलं. चौथीतलं खळीसारखं घट्ट झालं.

"या सडाला कधी लागलं होतं का?"

"तारेत फाटला होता. लय साल झाले. भरला तो."

"वरून भरला, मावशी. आतलं मांस दुखावलेलंच राहिलं, अन् या जंतूंना अशीच जागा लागते. तिथं ते ठाण मांडून बसतात. गाय चांगली दिसते, पण धार काढणाऱ्या हातानं दुसरीला लागण होते. धार कोण काढते?"

"मीच. पहिली कपिलीची."

हात धुवायचा प्रश्नच नव्हता. कपिलीच्या दुधात बोटं बुडवायची आणि त्याच बोटांनी बाकीच्यांचे सड भिजवायचे, म्हणजे तिची बरकत साऱ्या गोठ्याला लागते. मैनाबाई हे मोठ्या कौतुकाने सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला.

डॉक्टर टेम्पोत चढल्या. चंद्रीच्या चारही वाट्यांतलं दूध पातळ राहिलं.

"ही कशी वाचली? हिची धार कोण काढते?"

"मी," वैष्णवी मान खाली घालून म्हणाली. "आत्याबाई हिले हात नाही लावत."

मैनाबाईला स्वतःची भयंकर लाज वाटली. ड्रायव्हरने फळकं उचललं तशी ती धावली. "थांब रे!" म्हणत तिने दाव्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून घेतले.

"पोरी, तूच उतरव तिले," ती सुनेला म्हणाली. "मी हात नाही लावत."