द्विवचन

"सगळं डब करायचं ठरलंय," दिग्दर्शक म्हणाला. नजर मात्र बाईंच्या खांद्यावरून पलीकडे, सुतार पाडत असलेल्या सेटवरच्या शहराकडे होती. "लोकांना पडद्याखालच्या ओळी वाचायचा कंटाळा येतो हो. राजा आपल्यासारखंच बोलेल. तुमचं नाव राहील, त्याची काळजी नको."

"नावाचं नाही हो," बाई म्हणाल्या. पण तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो सुटल्यासारखा निघून गेला.

युनिटमध्ये त्यांना सगळे भाषावाल्या बाई म्हणत. सिनेमाच्या गोष्टीतलं, समुद्राने गिळलेलं प्राचीन शहर. त्याची भाषा त्यांनी मुळापासून घडवली होती. तिथल्या लोकांच्या ओठांत मणी ओवलेला असे, म्हणून भाषेत प, ब, म नव्हते. ओठ मिटायचेच नाहीत. वाक्यात क्रियापद आधी यायचं, करणारा सगळ्यात शेवटी. ओल्या वाळूला एक शब्द होता, कोरड्या वाळूला निराळा. शिव्या होत्या, तान्ह्या मुलांना हाक मारायची लाडाची नावं होती. एकदा ऐन लढाईच्या प्रसंगात राजा झालेला नट सैन्याला "चला" म्हणण्याऐवजी "वाळत पडा" म्हणाला, तेव्हा अख्ख्या सेटवर हसणाऱ्या बाई एकट्याच होत्या.

घरी त्या कुंडीतल्या रोपांशी त्या भाषेत बोलून बघत. बोलताना कुठे अडत नसे. उत्तर यायचं नाही, एवढंच.

मेकअपच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या टेकल्या. समोर सुतारांनी बुरुजाचे खिळे उपसायला घेतले होते. प्लायवूड करकरत होतं.

राजमातेचं काम करणारी म्हातारी नटी हातात चहा घेऊन बाहेर आली. टोप काढलेला, अर्ध्या चेहऱ्यावरचा रंग पुसलेला. इतरांसारखीच तिनेही आपली वाक्यं नुसती घोकली असणार, असं बाई धरून चालल्या होत्या.

"काय गं, तोंड उतरलंय अगदी," ती म्हणाली. मग थांबली. शब्द जुळवावेत तसे तिचे ओठ हलले. "सेनारार?"

बाईंनी चमकून वर पाहिलं. संहितेत हे कुठेच नव्हतं. "सेनार" म्हणजे आपण सगळे बसू या; दरबाराच्या प्रसंगात तो शब्द येऊन गेला होता. पण हे?

"आपण दोघीच आहोत ना," म्हातारी संकोचून म्हणाली, "म्हणून शेवटचं 'आर' दोनदा लावलं. चुकलं का गं?"

चुकलंच होतं. दोघांपुरतं बोलायला त्या भाषेत वेगळं रूप होतं, "सेनेल". त्यावर बाईंनी कितीतरी रविवार घालवले होते. पण सिनेमात कुठेच कोणी दोघंच बसत नव्हते, म्हणून ते रूप त्यांनी कोणाला शिकवलंच नव्हतं.

ते आता जिभेच्या टोकावर आलं. बाईंनी म्हातारीकडे पाहिलं. ती चहाचा कप धरून अजून उभीच होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहावी तशी.

बुरूज धाडकन आडवा झाला. धूळ उडाली.

बाई बाकावर थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "सेनारार."