ओजाक पुलावरची सप्तमी

माकसुन सकाळी आठलाच ओजाक पुलावर येऊन बसली. पत्रात दुपारचे चार लिहिले होते, पण बेचाळीस वर्षं थांबलेल्या बाईला आठ तासांचं काय एवढं! डब्यात दुधीची धिरडी होती. या सणाला घरोघरी तीच करतात.

आज कोरियाच्या पंचांगातल्या सातव्या महिन्यातली सप्तमी. वर्षभर ताटातूट झालेले गुराखी आणि विणकरीण आज आकाशात भेटतात. त्यांच्यासाठी पक्षी आपल्या अंगाचा पूल करतात. पालिकेने तसाच लोखंडी पक्ष्यांचा पूल ओढ्यावर बांधला, वर रंगीत दिवे लावले. लेकीने भेटीला नेमकी हीच जागा निवडली होती. सहा महिन्यांची असताना डेन्मार्कला दत्तक दिलेल्या पोरीला आपली सप्तमी ठाऊक आहे, या कौतुकाने माकसुनला पत्र आल्यापासून झोप नव्हती.

लेकीने कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलेलं ते पत्र तोंडपाठ झालं होतं. ‘सातव्या महिन्याच्या सातला येईन. तुम्ही आला नाहीत, तर तुमची इच्छा नाही असं समजेन. पुन्हा कधी विचारणार नाही.’ खाली पत्ता नव्हता.

रखवालदार पांग पक्ष्यांच्या डोक्यांना काळा रंग देत होता. येणारेजाणारे हात फिरवून फिरवून ती टकली करून ठेवतात.

“काय काकू, कुणाची वाट? गुराखी आज वरती कामात आहे हं!”

“लेक येणारे माझी. परदेशातून.”

“तरीच! मागच्या महिन्यातही एक आली होती, सात जुलैला. चेहरा थेट आपल्यासारखा, भाषेच्या नावाने मात्र ठणठणगोपाळ. म्हटलं, बाई गं, सप्तमीला अवकाश आहे अजून. पण तिला कुठली कळायला तिथी? त्यांच्याकडे तारीख म्हणजे तारीख.”

माकसुनने बाकाची कड घट्ट धरली. तिच्या घरी वाढदिवस तिथीने, श्राद्धं तिथीने. त्यात हा सप्तमीचा पूल. दुसरा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. पहिल्यांदा पोर तिने स्वतःच्या हाताने दिली होती. या वेळी नुसत्या पंचांगापायी गेली.

“किती वेळ होती?” तिने कसंबसं विचारलं.

“दिवे लागेपर्यंत. एकच वाक्य घोकून आली होती बिचारी. दिसेल त्या म्हातारीला अडवायची आणि तेच विचारायची.” आठवून पांगला हसू आलं. ब्रश डब्यावर आडवा ठेवून त्याने तिची हुबेहूब नक्कल केली. “‘आजी, तू माझ्या आई आहे का?’”

“हो,” माकसुन म्हणाली.