मोठ्या सरांची पाहणी

मेंढीच्या पोटातल्या जंताचं एक जनुक शोधण्यात ज्ञानदाची तीन वर्षं गेली होती, आणि पीएचडी हाताशी आली असताना सांगलीच्या प्रयोगशाळेतले जंतच संपले. माण तालुक्यात ती वाडीवाडी फिरली. पण जंताचं नाव काढलं की मेंढपाळ तिला दारातूनच वाटेला लावत, कारण बोभाटा झाला तर बाजारात मेंढरांना गिऱ्हाईक मिळायचं नाही. मग ती शहाणी झाली. फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांच्या कळपातल्या चार लेंड्या तिने गुपचूप तपासल्या, तर जंतांची अंडीच अंडी. जंताचा ज सुद्धा न उच्चारता ती म्हणाली, "पंधरवड्यानं आमचे मोठे सर तुमची मेंढरं बघायला येतील."

सर आले तेव्हा लालासाहेब छातीला पदकं लावून उभे होते आणि मेंढरं धुऊन लख्ख केलेली होती. सरांनी लिंबाखाली सूक्ष्मदर्शक मांडून लेंड्यांमागून लेंड्या तपासल्या, पण औषधालाही अंडं दिसेना. ज्ञानदाचा चेहरा उतरला.

"एक जंत गावायचा न्हाई, साहेब. सगळ्यास्नी औषध पाजलंय," लालासाहेब म्हणाले. "इन्स्पेक्शनला घाण ठिवायची सवय न्हाई आमाला."

"मग शेजारच्यांची मेंढरं बघू या का?" ज्ञानदाने चाचरत विचारलं.

"खुशाल बघा की, ताई. सायबांसमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून साऱ्या वाडीच्या मेंढरांस्नी मीच पाजलंय."