मालकाचं वास्तव्य

पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं खोल्या द्यायच्या, तर मालकानं त्याच घरात राहायला हवं, असा नगरपालिकेचा नवा नियम आला. घर आईच्या नावावर होतं आणि आई वृद्धाश्रमात. तपासणीच्या दिवशी मुलानं तिला आणून सोफ्यावर बसवलं. वाटेत पढवलंही, "इथंच राहते म्हणायचं. जास्त बोलायचं नाही."

तिनं अगदी तसंच सांगितलं. तपासनिसाचं समाधान झालं. निघता निघता त्यानं पाणी मागितलं. आई स्वयंपाकघरात गेली. एक कपाट उघडलं, त्यात टॉवेल. दुसरं उघडलं, त्यात साबण. पेला काही सापडेना.

"आजी, स्वतःच्या घरात पेला सापडत नाही?" तपासनीस हसला आणि परवानगी नाकारून निघून गेला.

मुलगा डोक्याला हात लावून बसला. "सगळं मुसळ केरात घातलंस, आई!"

आईनं न बघताच ओट्याखालचा खण ओढला, पेला काढला आणि भरून त्याच्यापुढे ठेवला.

"घे, पाणी पी. मिळेल परवानगी. मी इथं राहायला हवं, एवढंच म्हणणं आहे ना त्यांचं?"