ठिपकीची वेळ

सोमवारी सकाळीही कोतवाल अंड्यांवरून उठला नाही. बाबांनी गच्चीवरच्या कबुतरांच्या ढाबळीत वाकून त्याच्या चोचीपुढे मक्याचे दाणे धरले. त्याने दोन टिपले आणि मान फिरवली.

कबुतरांत नराची ड्यूटी ऑफिससारखी, दहा ते पाच. बाकी सगळा वेळ अंडी मादीने उबवायची. पण कोतवालाची ठिपकी शनिवारी शर्यतीला गेली, ती आलीच नव्हती. अंड्यांवरची मादी घराच्या ओढीने सुसाट येते, म्हणून मुद्दाम तिलाच पाठवायचं, ही या शौकीन लोकांची जुनी युक्ती. आता युक्ती अंगाशी आली होती आणि बिचारा कोतवाल दोन दिवस दोघांची ड्यूटी करत होता.

"आज नाही आली तर हा उठणार," बाबा म्हणाले. "मग अंडी गेलीच."

मुलगी दारात उभी होती. कामावर जायचे कपडे घातलेले, पण पाय निघत नव्हता. ती वेधशाळेत सूर्यावर नजर ठेवायची. तिथून सुटलेलं वादळ पृथ्वीवर कधी आदळेल, ते वीजवाल्यांना आणि विमानवाल्यांना कळवायची. अशा वादळात पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं आणि त्याच्या आधाराने घर शोधणारी कबुतरं बावचळतात. म्हणून शुक्रवारी तिने बाबांच्या क्लबलाही छातीठोकपणे सांगितलं होतं, "वादळ उद्या रात्री येईल. सकाळी सोडा, दुपारपर्यंत पाखरं घरात."

वादळ शनिवारी सकाळी सातलाच आलं. विमानांनी वाटा बदलल्या, वीजवाल्यांनी भार कमी केला. सहाला सोडलेल्या कबुतरांना कोण फोन करणार?

"बाबा, माझ्यामुळे झालं हे."

"हो, तुझ्यामुळेच झालं." बाबांना गोड बोलायची सवय नव्हती. मग हातातले दाणे चाळवत म्हणाले, "पण इतकी वर्षं ही पाखरं रोज घरी येतात, तेव्हा त्यांना वाट कोण दाखवतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही बघ. मी खायला घालतो म्हणून येतात, अशा तोऱ्यात होतो मी."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला. "अहो, तुमचं पाखरू जिन्याने चालत वर येतंय!"

दोघं धावले. ठिपकीच होती. एक पंख लोंबत होता, छातीची पिसं मातीने माखली होती. एकेका पायरीवर ती उडी मारायची, थांबायची, पुन्हा उडी मारायची. मुलगी खाली वाकली तसा बाबांनी तिचा हात धरला.

"थांब. इतकी आलीय, उरलेलंही येऊ दे तिचं तिला."

गच्ची ओलांडून ठिपकी ढाबळीत शिरली. कोतवालाने तिच्याकडे पाहिलं, काही तक्रार न करता उठला आणि थेट पाण्यात चोच बुडवली. ठिपकीने अंडी पोटाखाली सारली आणि बसली.

मुलीला रडू आवरेना. बाबांनी हात जोडले. नेमके कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांचेच मानले: ठिपकीचे, कोतवालाचे, खालच्या काकूंचे, पायाखालच्या त्या न दिसणाऱ्या चुंबकाचेही. मग आत जाऊन पाखरू पोचल्याची वेळ छापणारं शर्यतीचं घड्याळ घेऊन आले. ठिपकीच्या पायातली शर्यतीची रबरी कडी हलकेच काढली, घड्याळाच्या खाचेत टाकली आणि किल्ली फिरवली.

"बाबा, शर्यत शनिवारीच संपली. बक्षीसही वाटून झालं."

"तिला कुणी कळवलं होतं का?" घड्याळातून आलेली चिठ्ठी बाबांनी डोळ्यांजवळ नेली. "आठ बेचाळीस. आणि काय गं, तुझं ते वादळ कधी संपलं म्हणून लिहिलंयस वेधशाळेच्या वहीत?"

"काल पहाटे चारला."

"खोड ते, ही वेळ लिही," बाबा म्हणाले आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.