साहेबांचा एक नंबर

सांगलीची लाईन पुन्हा गेली तेव्हा मुकुल टेबलाखाली वायरी हलवून बघत होता. अठ्ठ्याण्णवचा गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला होता आणि ही त्याची दुरुस्तीची चौथी खेप होती. पहाटे सांगलीच्या विश्रामबागेतून निघायचं, दोन एसट्या बदलायच्या आणि फलटणच्या साखर कारखान्यात येऊन या राउटरसमोर बसायचं. कारखान्याचे कॉम्प्युटर सांगलीच्या कचेरीला जोडणारा हा डबा. डब्यात खोट नव्हती. वायरीतही नव्हती.

चेअरमन लालासाहेब दारात आले.

"मी साताऱ्याला जाऊन येतो. चारला लाईन चालू दिसली न्हाई तर ही बाई उद्यापास्नं घरी. हातगुणच वाईट हाय तिचा."

ही बाई म्हणजे ऑपरेटर मयूरी. ती समोरच बसली होती.

जीप गेली. ज्ञानू शिपायाने रिवाजाप्रमाणे साहेबांचा कॉम्प्युटर बंद केला. लाईन आली.

मुकुलने मयूरीची वही मागितली. लाईन कधी गेली, कधी आली, सगळं तिने टिपलेलं. ते साहेबांचं हजेरीपत्रकच निघालं.

"त्यांच्या मशीनला नेटवर्कचा पत्ता कुठला दिलाय?"

"शेवटचा आकडा एक. फोन एक नंबर, जीप एक नंबर, मग कॉम्प्युटरही एक नंबर. तसा हुकूमच होता."

"अहो, राउटरच्याही शेवटी एकच आहे. एका पत्त्यावर दोन घरं, टपाल जाणार कुठं? चालू करताना पडद्यावर इंग्रजी पाटी येत असेल."

"येते ना. ज्ञानूमामा नमस्कार करून घालवतात."

मुकुलने साहेबांना सतरा नंबर दिला. पाच मिनिटांचं काम.

"त्यांना सांगू नका, शपथ आहे तुम्हाला," मयूरी म्हणाली. "एक नंबर काढला कळलं तर दोघांनाही काढतील." आणि साडेतीनला ती घरी जेवायला गेली.

चारला साहेब आले. कॉम्प्युटर लागला. लाईन टिकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"बाई कुठाय?"

"जेवायला गेल्यात," ज्ञानू म्हणाला.

"बघा! बाई भाईर, लाईन चालू. मी काय म्हनत हुतो?"

मुकुलने तोंड उघडलं. शपथ आठवली. तो वायरी गुंडाळू लागला.

साहेबांनी हेडक्लार्क भाऊसोंना हाक मारली. "तिला कामावरनं कमी केल्याचं पत्र करा. आजच."

"आवं साहेब, टायपिंग तीच करती."

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"मग येऊ दे की जेवून. उपाशी पोटी कशाला टाइप करायला लावता."