तुझ्यापाशी

मधल्या दाराला पडदा होता, पण आवाजाला पडदा कुठला? बाहेरच्या खोलीत भाऊ फोनसमोर बसून प्रवचन रेकॉर्ड करत होता. मागे वडिलांच्या किताबांचं कपाट दिसलं की बोलण्याला वजन येतं, म्हणून दर आठवड्याला तो इथेच यायचा. आजचा विषय होता, कुराण कोणाला कशी हाक मारतं.

"कधी कधी हाक एकाला असते आणि सांगणं सगळ्यांना," तो सांगत होता. "आईबाप तुझ्यापाशी म्हातारे झाले, तर त्यांना 'उफ्'सुद्धा म्हणू नकोस, असं एका आयतीत पैगंबरांना सांगितलं. पण त्यांचे आईवडील तर तेव्हा हयातच नव्हते. मग हे सांगितलं कोणाला? आपल्याला."

आत बहीण अम्मीच्या अंगाखालची ओली चादर ओढत होती. अर्धांगवायू झाल्यापासून अम्मीला कूस बदलायलाही माणूस लागायचं, आणि घरात ते माणूस एकच होतं. चादर निघेना, म्हणून तिने अम्मीला एका हाताने उचललं. कमरेत उसण भरली.

"उफ्," तिच्या तोंडून निघालं.

बाहेरचा आवाज थांबला. पडदा सरकवून भाऊ दारात आला. उंबऱ्याच्या आत मात्र आला नाही.

"नेमका तोच शब्द? फोनमध्ये आला की तो. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. जिभेला जरा लगाम घाल. अम्मीसमोर असं बोलतात?"

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी ती त्याला अहोजाहो करायची. आज नाही केलं.

"त्या आयतीत आणखी एक शब्द आहे, भाईजान. आत्ताच तू म्हणालास. 'तुझ्यापाशी'. अम्मी कोणापाशी म्हातारी झाली?"

"विषय कुठे नेतेस?"

"कुठेच नाही. कितीदा म्हटलं, महिनाभर अम्मीला तुझ्याकडे ने. कधी तुझा जिना आडवा येतो, कधी बायकोची तब्येत, कधी प्रवचनं. मग ती आयत मला आहे. माझ्या तोंडून उफ् निघालं, त्याचा जाब मी देईन. तुला ते सांगितलेलंच नाही, तर तू कशाला मध्ये बोलतोस?"

गावभरच्या लोकांच्या शंका फेडणारा माणूस पडद्याची कड चाचपू लागला. अम्मीला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. तिने डोळे मिटून घेतले. ते बघून बहिणीचा राग आणखीच वाढला.

"आत ये. हे टोक धर."

भाऊ आला. इस्त्रीच्या कुर्त्याच्या बाह्या वर करून त्याने चादरीचं ओलं टोक धरलं. बहिणीने अम्मीला उचललं, त्याने चादर ओढली, आणि रात्रभराचा वास भसकन त्याच्या नाकात गेला. त्याच्या ओठांचा चंबू झाला.

बहीण अम्मीला तशीच उचलून धरून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. अम्मीनेही डोळे उघडले होते.